दातानं ऐकणारे मामू

गाडी सुरू झाली की इतर ड्रायव्हर गिअर टाकतात; मामू खाली उतरायचे. बॉनेट उघडायचे, सीटखालून लाकडी मुठीचा लांबलचक पेचकस, म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर, काढायचे, त्याचं टोक धडधडणाऱ्या इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. अशा वेळी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. लगेच डावा हात वर जायचा.

"थांबा जरा. आधी तिचं ऐकू, मग तुमचं."

तिचं म्हणजे त्यांच्या पिकअपचं. इकडं आमची रोपं उन्हात माना टाकायला लागलेली, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन चाललेले, आणि हे गृहस्थ नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे निवांत. माझं टाळकं सणकायचं.

दौलताबादच्या रस्त्याला, पडेगावात आमची नर्सरी. नवरा कंपनीत नोकरीला, त्यामुळे झाडांचा सगळा पसारा माझ्या गळ्यात. जवळच्या गिऱ्हाइकांना मी आमच्या जुन्या व्हॅनमधून स्वतः रोपं पोचवायचे. माल मोठा असला, बाहेरगावचा असला, की मामूंना निरोप. उंच, हडकुळा माणूस. शर्टाच्या एका खिशात पानाची डबी आणि दुसऱ्यात टायरची हवा मोजायचं मीटर. मूळचे घाटाजवळच्या कन्नड गावचे. आमच्याशी मराठी बोलायचे, घरी मामीशी दखनी, आणि गाडीशी दोन्ही. नाव सांगत नाही. सांगितलं तरी त्या रस्त्यावर कुणाला ओळख पटायची नाही. त्यांच्या वयाची माणसंसुद्धा त्यांना मामूच म्हणायची.

आणि बढाया तर विचारू नका. "हर्सूलच्या तळ्यापलीकडनं आपली गाडी आली ना, ताई, तरी इथं बसून वळखीन." असला माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेलच.

पहिल्यांदा आले त्याच दिवशी आमचं वाजलं. आंब्याची कलमं भरून झालेली, आणि मामूंनी पेचकस लावून जाहीर केलं, "नाय जमत. आत काहीतरी खुळखुळतंय." समोर विष्णूचं गॅरेज. तो धावत आला. दोघांनी बॉनेटमध्ये डोकी घातली, हे खोल, ते आवळ, असं बराच वेळ चाललं. शेवटी विष्णू मागं हौद्यात चढला आणि त्यानं कलमांच्या मधून माझा खुरप्यांचा पत्र्याचा डबा वर काढला. खुळखुळ बंद! विष्णू हसून हसून जमिनीवर बसला.

मी म्हटलं, "आता तरी निघायचं का?"

मामूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "डबा असला म्हणून काय झालं? ऐकू आला का नाय?"

मी डबा उचलून आत ठेवला आणि हात टेकले.

त्यांचा सगळा जीव एका बेअरिंगवर. पिकअपच्या इंजिनापुढं एक रबरी पट्टा फिरत असतो. तो ताणून धरायला छोटी पुली असते आणि तिच्या पोटात हे बेअरिंग, लोणच्याच्या वाटीएवढं. पण ते अडकलं की पट्टा तुटतो, पट्टा तुटला की इंजिनात पाणी फिरत नाही, आणि भरल्या घाटात गाडी उकळून उभी राहते. हे मामूंनी मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणून दाखवीन. दर वर्षी मिरगाच्या तोंडावर, रोपांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, ते बेअरिंग बदलायचे. जुनं ठणठणीत असलं तरी बदलायचे.

आणि नवं घेणं म्हणजे सोहळा. शहरात छावणी भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बेअरिंगांची रांग लावायची. एकेक उचलायचं, बोटावर फिरवायचं, कानाशी न्यायचं, नाक मुरडून परत ठेवायचं. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली. दुकानदार शेठ एकदा वैतागून म्हणाले, "मामू, बेअरिंग घ्यायला आलात का पोरगी बघायला?"

"संसार कुणासंगंबी होतो, शेठ," मामू शांतपणे म्हणाले. "हिच्यासंगं घाट चढायचाय."

त्यांचं ऐकू येणं कमी व्हायला नेमकी कधी सुरुवात झाली, सांगता येत नाही. बहिरेपण म्हणजे काही ताप नव्हे, एकदम चढायला. मामूंचा आवाज मोठा होत गेला. खिशातला फोन वाजून वाजून थकायचा आणि हे आपले पानाला चुना लावतायत. विष्णूनं काही गंमत सांगितली की मामू आधी माझ्या तोंडाकडं बघायचे; मी हसले की मग हसायचे. माझ्या हे लक्षात आलं तेव्हापासून मी जरा मोठ्यानं हसायला लागले.

मग एका सकाळी त्यांनी पेचकसाची मूठ कानाला न लावता सरळ दातांत धरली. डोळे मिटलेले, जबडा घट्ट, आणि दाढी इंजिनाच्या तालावर थरथरतेय. मला आधी हसूच फुटलं.

"मामू, हे काय नवीन?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "कान म्हातारे झाले, ताई. दाढ अजून जवान हाय. लोखंडातनं लाकडात, लाकडातनं हाडात. समदं ऐकू येतं." मग जवळ येऊन, त्यांच्या हिशेबानं हळू, पण रस्त्यापलीकडं जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "कुणाला बोलू नका. लोक भाडं द्यायचे नायत. घरचे तर टपूनच बसलेत, गाडी इका म्हणून. गाडी गेल्यावर मी काय करू? ओट्यावर बसून माश्या मारू?"

मी कुणाला बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती, रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विष्णूला, चहावाल्याला, पंक्चरवाल्याला. सगळे माहीत नसल्यासारखे वागायचे. एरवी ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही ती माणसं कुणाच्या इज्जतीची गोष्ट आली की गप्प बसतात. आमच्या रस्त्याचं हे मला फार आवडायचं.

आणि नेमकी तीच दाढ दुखायला लागली! गाल सुजून भोपळा झाला, तरी मामू डॉक्टरकडं जाईनात. मामी नर्सरीत आल्या. "बेटा, तू तरी बोल ना त्यांना. सारा मोहल्ला बोलून थकला. इत्ता बडा मर्द, और सुईकू डरता."

सुईला कोण भीत होतं? मी मामूंना गाठलं तर गाल धरून म्हणाले, "ती दाढ नाय, ताई. माझा कान हाय तो." मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, या माणसाला काय समजावणार?

शेवटी ताप चढला आणि मामींनी त्यांना रिक्षात घालून नेलं. दाढ निघाली. तोंडात कापूस असतानाच मामू गाडीपाशी आले, बॉनेट उघडलं आणि उरलेल्या दातांत मूठ धरून बघितली. पण ते दात पानानं खिळखिळे झालेले; मूठ धरली की ते स्वतःच वाजायचे.

"बाकीचे समदे बहिरे निघाले," मामू म्हणाले, आणि त्यांनी पेचकस सीटखाली सरकवला.

या भानगडीत त्या वर्षी बेअरिंग बदलायचं राहून गेलं.

हंगाम तर सुरू झालेला. घाटाखाली, चाळीसगावच्या बाजूला, एका बागायतदाराला केशर आंब्याची कलमं पोचवायची होती. पहाटे निघायचं म्हणून मामू आदल्या दिवशी सकाळी माल भरायला येणार होते. ते छावणीच्या बाजूनं येत असतानाच मला कळलं. म्हणजे काय, सगळ्यांनाच कळलं. गाडी किंचाळत होती. कुत्री अंग चोरून बाजूला झाली. विष्णू हातात पाना घेऊन गॅरेजच्या दारात आला, चहावाल्यानं मान वर केली. मामू मात्र हसतमुखानं उतरले आणि म्हणाले, "चला, भरा माल."

विष्णू माझ्याकडं बघतोय, मी विष्णूकडं बघतेय. सांगायचं कुणी? मी मुळात तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी मीही उगाच कलमं मोजत राहिले. पण कलमं भरून ही गाडी घाटात न्यायची? मी मामूंच्या समोर जाऊन उभी राहिले.

"मामू, बेअरिंग ओरडतंय."

"कुठं?" त्यांनी पेचकस काढला, दातांत धरला, डोळे मिटले. "काय नाय. गाडी शांत हाय."

"मामू, अख्खं पडेगाव ऐकतंय. तुम्हालाच ऐकू येत नाहीये."

बोलून गेले. मग नुसतं ते बेअरिंग किंचाळत राहिलं. मामूंनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. विष्णूनं मान खाली घातली, आणि त्यातच त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता हा माणूस रागानं गाडी फिरवून निघून जाणार आणि पुन्हा आपलं तोंड बघणार नाही.

मामूंनी पेचकसाची मूठ शर्टाला पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"मग तुमी ऐका. मला सांगा." मी पुढं झाले तर ओरडले, "पदर खोचा आधी! पट्ट्याला पदर लई आवडतो."

पदर खोचला. त्यांनी माझा हात धरून टोक नेमक्या जागी टेकवून दिलं. मी मूठ कानाला लावली आणि दचकलेच. केवढा तो गलबला!

"कोरडा आवाज हाय का ओला?"

"कोरडा. रवा भाजताना उलथनं कढईला घासतं ना, तसा."

"रेस दिल्यावर?"

विष्णूनं रेस दिली. "वाढतो."

"मधीच तुटतो का सलग हाय?"

"तुटतो. अडखळल्यासारखा."

मामूंचे डोळे चमकले. "ग्रीस संपलं. गोळ्या उघड्या पडल्या आत. खोल रे विष्णू!"

बेअरिंग बाहेर आलं ते काळंनिळं पडलेलं. मामूंनी बोटावर फिरवलं, तर अर्ध्यात अडकलं. ते चारचौघांपुढं नाचवत म्हणाले, "बघा! बोललो होतो का नाय?"

खरं तर बोलले होते मी. पण म्हटलं, असू दे.

नवं आणायला मी त्यांना व्हॅनमधून छावणीत नेलं. शेठनी सवयीनं काउंटरवर रांग लावली. मामूंनी पहिलं बेअरिंग उचललं, फिरवलं, कानाशी नेलं आणि तसेच उभे राहिले. हात खाली येईना. मग वळून त्यांनी ते माझ्या कानाशी आणलं आणि फिरवलं.

शेठ हसले. "काय मामू, आज ताईंना ऐकवताय?"

"हौ, शेठ," मामू म्हणाले. "मला ऐकू येत नाय आता."

इतकं सरळ. दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना. जे लपवायला या माणसानं दाढेचं दुखणं सोसलं, ते त्यानं असं बोलून टाकलं. शेठचं हसू मावळलं. ते आत गेले आणि आणखी एक खोकं घेऊन आले. "ही ऐका, ताई. ही चांगली आहेत," ते मला म्हणाले, अगदी गंभीरपणे.

आता तुम्हाला म्हणून सांगते, मला काडीचा फरक कळत नव्हता. सगळी सारखीच फिरत होती. पण मामू माझ्या तोंडाकडं असे बघत होते की मी एकाला मान डोलावली. "हे."

"हेच," मामू म्हणाले. जसं काही त्यांना आधीपासून माहीत होतं.

संध्याकाळी मामी आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, कल तू भी जा उनके संग. मैं बोली करके नक्को बोल." त्यांनी सांगितलं हे मामूंना कळू द्यायचं नव्हतं. माझं या खेपेला जायचं ठरलेलं नव्हतं. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघितलं आणि हो म्हणाले.

पहाटे निघालो. गाडी अशी सुरेख चालली होती की मलाच अभिमान वाटायला लागला. मामू दर थोड्या वेळानं विचारायचे, "आवाज?" मी अंगठा दाखवायचे. कन्नडला चहा झाला. मग घाटाचा उतार लागला.

मागून ट्रकचा हॉर्न आला. आधी एकदा, मग तुटेचना. घाटात जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. उतारावर न तुटणारा हॉर्न म्हणजे मागच्याचे ब्रेक धरत नाहीत. आमच्या आरशांत मागं काही दिसत नव्हतं, कलमांवरची ताडपत्री सुटून फडफडत होती. मामू मला जुन्या घाटाची कसलीशी हकीकत सांगत रस्त्याच्या मधून चाललेले. मी ओरडले. ते बोलतच राहिले. मग मी त्यांचा दंड धरून गदागदा हलवला आणि हातानं बाजूला, बाजूला असं दाखवलं. त्यांनी काही न विचारता स्टेअरिंग फिरवलं. गाडी कडेच्या दगडांना घासली आणि त्याच क्षणी ट्रक आमचा आरसा मोडून पुढं गेला. खाली एका वळणावर तो मातीच्या ढिगात घुसून थांबलेला दिसला. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून डोक्यावर पाणी ओतत होता. सगळे वाचले होते.

मामूंनी उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, कडेकडेनं उतरवला. खाली आल्यावर गाडी उभी केली आणि माझ्याकडं वळले.

"किती येळ वाजवत होता?"

मी खोटं बोलणार होते, पण जमलं नाही. "बराच वेळ, मामू."

त्यांनी मान हलवली. "इंजिनाचं तुमी सांगाल, ताई. मागच्याचं कोण सांगणार?"

कलमं उतरवली. बागायतदारानं जेवायचा आग्रह केला, मामूंनी दोन घास खाल्ले. परतताना घाटाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"सरका तिकडं. घाट तुमी चढवा."

"मामू, मी ही गाडी कधी..."

"व्हॅन चालवता ना? चाकं चारच हायेत."

त्यानंतर मामूंनी गाडी चालवली नाही. पिकअप कन्नडच्या एका ओळखीच्याला दिली. या वेळी कुणी विका म्हटलं नव्हतं, त्यांनी स्वतःच बोलावून दिली. मग रोज सकाळी नर्सरीत यायचे, सावलीत बसायचे, कुठल्या रोपाला पाणी कमी पडलंय ते ओरडून सांगायचे. बहुतेक वेळा चुकीचं. चुकलं तरी मी त्याला पाणी घालायचे. दोन-तीन हिवाळे असे गेले, आणि एका हिवाळ्यात मामू गेले. आजही सकाळी झाडांना पाणी घालताना मला मध्येच वाटतं की मागून कुणीतरी उगाच ओरडावं. कुणी ओरडत नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण तो घाट सांगायचा राहिलाय.

डाव्या बाजूच्या सीटवर मामूंना बसताच येईना. त्यांच्याच गाडीत पाय कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "दुसरा टाका. अवं, दुसरा!" प्रत्येक वळणावर हेच. शेवटी मी त्यांच्याकडं बघून ओरडले, "चालवू द्या हो मामू!" तेव्हा कुठं गप्प झाले.

गाडी निमूट चढत होती. एका वळणावर डाव्या हाताला दरी उघडली. उतरतं ऊन खालपर्यंत गेलेलं, झाडांचे शेंडे, त्याच्याही खाली शेतांचे तुकडे आणि पाण्याची एक चकाकती रेघ. मामूंचा पाय थांबला. त्यांनी काच खाली केली.

"ताई, इथं एवढं खोल हाय?"

"अहो, तुम्ही इतकी वर्षं या घाटातून..."

त्यांचं माझ्या तोंडाकडं लक्ष नव्हतं, पण मी काय विचारतेय ते त्यांना कळलं. "आपली नजर रस्त्यावर. दरी बघणारा ड्रायव्हर दरीतच जातो." मग म्हणाले, "ते खाली पाणी हाय का? आनि त्या बाजूला गाव दिसतंय का वो?" आणि जरा वेळानं, "हळू घ्या ना. थांबवता का जरा?"

घाटात मला कधी फोटोसाठीसुद्धा उतरू न देणारा माणूस हे म्हणत होता. रुंद जागा बघून मी गाडी कडेला घेतली. मामू उतरले, दगडी कठड्यापाशी गेले आणि हात मागं बांधून उभे राहिले. वाऱ्यानं शर्ट फुगला होता. बघत होते का रडत होते, पाठीवरून कळत नव्हतं. मागून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या.

मला उशीर होत होता, नर्सरीत पाणी द्यायचं राहिलं होतं. हाक मारून उपयोग नव्हता, आणि मारावीशी वाटलीही नाही. मी इंजिन बंद केलं आणि त्यांचं बघून होईपर्यंत बसून राहिले.